तिरकूची हरवलेली कॅसेट

वेंगुर्ल्यात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आरोलकरांचं व्हिडिओ कॅसेट भाड्याने देण्याचं दुकान होतं. गेल्या शतकातली शेवटची काही वर्षं होती ती. दुकानाच्या मागच्या खोलीत एक जुना टीव्ही आणि त्याला जोडलेला टीव्ही गेम असायचा. आरोलकरांची दोन मुलं, थोरला मकरंद आणि त्याच्या पाठची शुभदा, शाळा सुटली की घरी न जाता तिथेच सापडायची.

त्या वर्षी रविवारी सकाळी टीव्हीवर ‘तिरकू’ नावाचं कार्टून लागायचं. तिरकू हा खेकडा. त्याला सरळ चालता येत नाही आणि त्यामुळे सरळ चालणाऱ्यांची पंचाईत होते, एवढीच त्यातली गंमत. वर्षभरात कार्टून बंद पडलं. पण त्याआधी ते काढणाऱ्या छोट्या स्टुडिओने त्याचा एक गेम बनवून घेतला होता. तेव्हाचे उड्या मारायचे गेम पडद्यावर आडवेच सरकायचे, आणि खेकडाही आडवाच चालतो, त्यामुळे ती जोडी फार छान जमली होती. नमुना म्हणून मोजक्या कॅसेट निघाल्या आणि स्टुडिओ बुडाला. त्यांतली एक आरोलकरांच्या दुकानात ठेवून गेलेला विक्रेता ती परत न्यायला कधी आलाच नाही.

पुढे दुकान बंद झालं, सामान भंगारात गेलं, आई-वडीलही गेले. मकरंद वेंगुर्ल्यातच राहून मच्छीमारांच्या बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागला. शुभदा लग्न होऊन कोल्हापूरला आली. नवरा वारल्यावर त्याचं चष्म्यांचं दुकान तीच चालवत होती. मूलबाळ नव्हतं. दर रविवारी मकरंदचा फोन यायचा, आणि आपलं म्हणावं असं तिला तेवढंच उरलं होतं.

जुने गेम जमवणाऱ्यांच्या जगात मात्र एव्हाना तिरकूची दंतकथा झाली होती. एका जुन्या मासिकातल्या जाहिरातीपलीकडे त्याचा पुरावा कुठेच नव्हता. कॅसेट कुणाकडे सापडत नव्हती. असा गेम निघालाच नव्हता, असंही काही जण ठासून सांगायचे. अशाच एका चर्चेत शुभदाने सहज लिहिलं, ‘मी आणि माझा भाऊ हा गेम कित्येकदा शेवटपर्यंत खेळलो आहोत.’

दोन दिवसांत तिला पुण्याहून फोन आला.

हरवलेले गेम लोकांच्या आठवणींतून पुन्हा उभे करणारी ‘पूर्वचित्र’ ही संस्था पुण्यात पाषाणला होती. तिथले डॉ. केतन वर्टीकर तिशीतले, बोलायला मऊ. त्यांनी तारा जोडलेली एक हलकी टोपी शुभदासमोर ठेवली आणि चहा मागवला.

“ताई, तुम्ही एखादं चित्र डोळ्यांनी पाहता तेव्हा मेंदूचा जो भाग जागा होतो, बराचसा तोच भाग ते चित्र आठवतानाही जागा होतो,” ते म्हणाले. “ही टोपी ती हालचाल टिपते. त्यावरून आमचं यंत्र एक अंदाजाचं चित्र काढून पडद्यावर दाखवतं. ते चुकीचं असेल तर तुमच्या मेंदूत खटका उठतो. तुम्हाला स्वतःला तो जाणवतही नाही, पण टोपीला कळतो. मग यंत्र चित्र थोडं बदलतं. पुन्हा खटका, पुन्हा बदल. खटका उठेनासा झाला की समजायचं, पडद्यावरचं चित्र आणि तुमच्या डोक्यातलं चित्र एक झालं.”

“म्हणजे चष्म्याचा नंबर काढतात तसं,” शुभदा म्हणाली. “ही काच की ती, असं विचारत विचारत.”

“अगदी तसंच.”

पहिल्याच बैठकीत तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावर आधी नुसता निळसर धुरळा होता. तिने दुकानामागची खोली आठवली, आणि त्या धुरळ्यातून वाळू वर आली, खडक आले, आणि दोन्ही नांग्या उंच धरून एक लाल खेकडा आडवा पळत आला. त्याच्या बाजूला, पडद्याच्या कडेला, एका मुलाची आकृतीही उमटली. खाकी अर्धी चड्डी घातलेला मुलगा, गुडघे पोटाशी घेऊन बसलेला.

“हा माझा दादा,” शुभदा म्हणाली. “पण हा कशाला आला?”

“आठवण एकटी येत नाही, ताई. खेळाबरोबर खोली येते, शेजारी बसलेलं माणूस येतं. त्यांना जागा दिली नाही तर खेळाचं चित्र गढूळ होतं. म्हणून त्यांचंही रेखाटन करतो. आवाज मात्र टोपीला नीट मिळत नाही, तो आम्ही साठ्यातल्या एखाद्या लहान मुलाचा घालतो.”

पुढच्या बैठकीत तो मुलगा बोललाही. “शुभदा, उडी मार. आता.” खणखणीत, स्वच्छ आवाज. तिला क्षणभर चुकल्यासारखं वाटलं, मग वाटेनासं झालं.

ती दर आठवड्याला पुण्याला जाऊ लागली. खेळ वाढत होता. वाळूचा टप्पा झाला, मग खारफुटीचा, मग बुडालेल्या जहाजाचा, दीपगृहाचा. प्रत्येक बैठकीत खटके कमी होत होते. परतीच्या बसमध्ये ती डोळे मिटून बसायची आणि खोली, पडदा, शेजारचा मुलगा सगळं इतकं लख्ख दिसायचं की लहानपणीही ते इतकं लख्ख नसेल.

एका रविवारी दुकान बंद करताना फोन वाजला.

“ग-गो बाय, ज-जेवलंस?”

“कोण बोलतंय?” शुभदाने विचारलं.

पलीकडून हसू ऐकू आलं. “कोण म्हणजे? म-मी.”

तिने फोन कानापासून दूर धरून नाव पाहिलं. दादा. ती जुजबी बोलली आणि फोन ठेवला. तिने शटरला कुलूप घातलं. कुणीतरी दादाचा फोन घेऊन बोलत होतं, असं तिला वाटलं. तिने पुन्हा फोन लावला. तोच आवाज आला. तिने लगेच तो कापला.

मकरंद काळजीने चार दिवसांत कोल्हापूरला आला. दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात आमसुलांची पिशवी होती. शुभदाने त्याच्याकडे पाहिलं. नाक दादाचं होतं. भुवईवरची खूण दादाची होती. टक्कल, मनगटावरचे इंजिनच्या तेलाचे काळे डाग, सगळं बरोबर होतं. तरी आतून काहीच उठलं नाही. सरकारी कागदावरचा फोटो ताडून पाहावा तसं तिने ते ताडून पाहिलं.

“काय गो? म-माका ओळखूक नाय?”

“ओळखलं. आत ये.”

जेवताना तो नेहमीसारखा बोलत होता. कुणाची बोट फुटली, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं. शुभदा ऐकत होती आणि प्रत्येक अडखळलेला शब्द मोजत होती. शेवटी तिने विचारलं.

“दादा, तू कधीपासून असा अडखळायला लागलास? डॉक्टरला दाखवलंस का?”

मकरंदचा घास हातातच राहिला.

“मी प-पयल्यापासून असोच बोलतंय, शुभा.”

“नाही. लहानपणी तू स्वच्छ बोलायचास. आणि आपण घरात असं मालवणीही बोलत नव्हतो.”

“मग काय ब-बोलत होतो?”

मकरंदने हात धुतले आणि तिच्यासमोर येऊन बसला. तो आता मुद्दाम सावकाश बोलत होता. “शाळेत पोरां माका त-तोतरो म्हणून चिडवायची. तू त्यांच्या अंगार धावून जायचंस. एकाचो तू दात पाडलंस. बापूस तुका घेऊन म-माफी मागूक गेलो होतो. आठवता?”

शुभदाने मनात शोधलं. शाळा होती, पटांगण होतं, वडील होते. त्या पटांगणात दादाही होता आणि खणखणीत आवाजात मुलांशी बोलत होता. भांडण कुठेच नव्हतं. ती जागा घासून गुळगुळीत केल्यासारखी होती.

दुपारी तो बाहेरच्या खोलीत आडवा झाला. शुभदा आत गेली आणि तिने दाराला आतून कडी लावली. घरात एक अनोळखी पुरुष झोपला आहे, ही भावना तिला आवरत नव्हती. तो आपला भाऊ आहे हे कळत असताना ती भावना येत होती, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटत होती. कडीचा आवाज बाहेर ऐकू गेला असणार. ती दार उघडून आली तेव्हा मकरंद निघायच्या तयारीत चपला घालत होता.

“संध्याकाळची ग-गाडी आसा,” एवढंच तो म्हणाला.

शुभदा दुसऱ्याच दिवशी पुण्याला गेली. वर्टीकरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि तिला शेजारच्या खोलीत नेलं. टेबलावर एक पिवळट प्लास्टिकची कॅसेट होती. तिच्यावरच्या कागदावर खेकड्याचं अर्धं चित्र उरलं होतं.

“हुबळीच्या एका माणसाकडे जुन्या सामानात निघाली,” ते म्हणाले. “परवाच आली. मी तुम्हाला बोलावणारच होतो.”

त्यांनी कॅसेट यंत्रात बसवली. पडद्यावर एक ओबडधोबड हिरवा खेकडा आला. त्याची एक नांगी मोठी होती, एक लहान. मागे समुद्र म्हणून नुसती निळी पट्टी होती. वाळू, विहीर आणि बाजार, असे तीनच टप्पे होते. जहाज नव्हतं, दीपगृह नव्हतं.

शुभदाने ते थोडा वेळ पाहिलं. “ही कॅसेट खोटी आहे,” ती म्हणाली. “कुणीतरी बनवून विकली तुम्हाला.”

“ताई, आम्ही तपासली. प्लास्टिक, आतली चिप, स्टुडिओचा शिक्का. ही अस्सल आहे.”

“मी खेळले आहे तो गेम. मला माहीत आहे.”

वर्टीकर खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता.

“आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो नव्हे,” ते म्हणाले. “आठवताना ती मऊ होते. मेंदूतल्या पेशींचे सांधे सैल होतात आणि आठवून झालं की मेंदू ते पुन्हा घट्ट बांधतो. ते सैल असताना समोर जे दिसेल, ते आत मिसळू शकतं. हे आम्हाला ठाऊक होतं. पण आम्ही समजत होतो की खटके कमी होताहेत म्हणजे आमचं चित्र तुमच्या आठवणीकडे सरकतंय.” ते थांबले. “तुमची आठवण आमच्या चित्राकडे सरकत होती.”

“आणि दादा?”

“माणूस मेंदूत प्रत्येक प्रसंगात वेगळा साठवलेला नसतो. त्याचा आवाज, त्याची ढब एकदाच साठते आणि मेंदू तीच सगळीकडे वापरतो. तुमच्याकडची ती मूळ प्रत बदलली. त्यामुळे मागच्या सगळ्याच आठवणींत तो बदलला. चेहरा ओळखणं आणि तो आपला वाटणं, या दोन वेगळ्या वाटा आहेत. तुमची दुसरी वाट आता आम्ही काढलेल्या मुलाकडे जाते.”

“पूर्ववत करा.”

“मूळ काय होतं ते आमच्याकडे नाही, ताई. तुमच्याकडेही नाही.”

शुभदाने पडद्यावरच्या हिरव्या खेकड्याकडे पाहिलं. तो एका जागी उभा राहून नांग्या हलवत होता. तिच्या मनात एकच गोष्ट येत होती. दादाविषयी इतकं बदललं, मग आई? मग श्रीरंग, तिचा नवरा? तो खरंच तसाच होता, जसा तो तिला आठवत होता? विचारायला कुणी उरलं नव्हतं. जे आठवत होतं त्यावर बोट ठेवायची तिला भीती वाटू लागली. आठवलं की ते मऊ होणार, आणि मऊ झालं की काय मिसळेल कोण जाणे. बसमध्ये ती खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत राहिली. काही आठवू नये म्हणून.

पुण्यात कळलेलं सगळं तिने मकरंदला फोनवर एकदा सांगून टाकलं. पुढचे काही आठवडे तिने त्याचे फोन घेतले, पण बोलणं होईना. तो बोलायचा, ती हुंकार द्यायची. आणि मनातल्या मनात तिला त्या दुसऱ्या दादाची आठवण यायची, जो कधीच नव्हता.

मग एका सकाळी वर्टीकरांचा फोन आला. “ताई, तुम्ही यायला हवं. मकरंदराव इथे आले आहेत. तुमच्या बैठकांमधली चित्रं आपल्याला दाखवा, टोपी घालून दाखवा, असं म्हणतात. मी नाही म्हटलं, तर ते वरच्या साहेबांना भेटले. साहेबांना आनंदच झाला. त्यांना तुमचं चित्र बरोबर म्हणणारा दुसरा साक्षीदार हवाच आहे, गेम बाजारात आणायचाय. अस्सल कॅसेटपेक्षा हाच लोकांना आवडेल, म्हणतात.”

शुभदा पोहोचली तेव्हा मकरंद खुर्चीत बसला होता. डोक्यावर टोपी होती. पडदा अजून काळा होता.

“दादा, हे काय चालवलंयस?”

“तुका जो भ-भाऊ आठवता, तोच माका आठवलो तर बरा,” तो शांतपणे म्हणाला. “दोघांका एकच आठवात. म-मग तू कडी लावचंस नाय.”

तिने त्याला थांबवलं नाही. कारण तिला ते हवं होतं. त्याच्या तोंडून लाल खेकडा, बुडालेलं जहाज, दीपगृह ऐकायला मिळावं, कुणीतरी म्हणावं की हो, असंच होतं, आपण दोघं तिथे होतो. तिने हो म्हणायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं.

तिने मान वळवून दाराकडे पाहिलं. वर्टीकर चौकटीला टेकून उभे होते, यंत्रावरचा माणूस वेगळाच होता. त्याने कळ दाबली.

पडदा उजळला. वाळू आली, आणि कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसलेला तो मुलगा आला. “शुभदा, उडी मार. आता,” मुलगा म्हणाला.

मकरंदने त्याच्याकडे पाहिलं. पाहुण्यांच्या घरी एखाद्या पोराकडे पाहून हसावं, तसं हसला.

“कोणाचो गो हो झ-झिल?” त्या मुलाकडे बोट दाखवत त्याने विचारलं.

शुभदाने पुढे होऊन टोपी त्याच्या डोक्यावरून काढली. तारा ताणल्या, काहीतरी खाली पडलं. यंत्रावरचा माणूस उठला, पण वर्टीकरांनी त्याला हाताने थांबवलं.

“ऐक,” शुभदा म्हणाली. “मला तू परका वाटतोस. आताही वाटतोयस. उद्याही वाटशील. खोटं कशाला बोलू. पण तू तरी राहा. खरं काय होतं ते तुझ्या एकट्याच्याच डोक्यात आहे. तेही गेलं तर आपण दोघंही कुठेच नव्हतो असं होईल.”

मकरंदने केस नसलेल्या डोक्यावरून हात फिरवला आणि खुर्चीतून उतरला.

वर्टीकर त्यांना शेजारच्या खोलीत घेऊन गेले, पाणी दिलं. मकरंदचं लक्ष टेबलावरच्या पिवळट कॅसेटकडे गेलं. त्याने ती उचलली, उलटीसुलटी केली, तिच्या तोंडाशी फुंकर मारली आणि न विचारता यंत्रात बसवली. हिरवा खेकडा पडद्यावर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते शुभदाला अगदी जवळून दिसलं. तिच्या आत मात्र शांतता होती.

“दुसरा रिमोट लागेल,” ती म्हणाली. “आपण एकेक घेऊन खेळायचो.”

“एकच होतो. दुसरो मोडलेलो.” मकरंदने रिमोट मध्ये धरला. “डावी बाजू त-तुझी, चालवची. उजवी माझी, उडी मारूची.”

“मला दोन आठवतात.”

“असांदे. धर.”

तिने वर्टीकरांकडे पाहिलं. ते जरा घुटमळले. “हातांना जे पाठ असतं, ते मेंदूच्या वेगळ्या भागात असतं,” ते म्हणाले. “टोपी तिथे पोहोचत नाही. पण मी काही वचन देत नाही, ताई. वचनं देऊन झाली माझी.”

शुभदाने अंगठा ठेवला. रिमोट लहान होता, म्हणून दोघांचे खांदे चिकटले. त्याच्या अंगाला डिझेलचा वास येत होता. तिला उठून जावंसं वाटलं. तेवढ्यात पडद्यावर पहिला खड्डा आला, आणि तिला काही कळायच्या आत तिच्या अंगठ्याने खेकड्याला दोन पावलं मागे नेलं. मग पुढे सोडलं. नेमक्या त्याच क्षणी मकरंदने उडी मारली. खेकडा पलीकडे उतरला.

हा खेळ कधी खेळल्याचं तिला आठवत नव्हतं. पुढे काय येणार ते तिला माहीत नव्हतं. अंगठ्याला माहीत होतं. पाण्यातून काटेरी मासा उसळायच्या आधीच तो थांबला. मासा गेला आणि दोघं एकदम पुढे झाले, एका माणसाचे दोन हात असल्यासारखे. विहीर गेली. बाजार सुरू झाला. तिचा हात ज्याला ओळखत होता तो माणूस तिच्या उजव्या खांद्याला टेकून बसला होता, आणि तिने मान वळवली तर तिथे पुन्हा तो परकाच दिसला असता. ती पडद्यावरून नजर काढत नव्हती.

बाजाराच्या टोकाला समुद्र दिसू लागला. तिथे पोहोचलं की खेळ संपणार, हे तिला अंगठ्यावरून कळलं, कारण तो आपोआप सैल पडू लागला होता.

तिने बटण डावीकडे दाबलं. हिरवा खेकडा समुद्राकडे पाठ न करता, तसाच आडवा, आलेल्या वाटेने परत निघाला.

“अगो, ख-खंय चललंस?” शेजारचा आवाज म्हणाला.

“थांब जरा,” शुभदा म्हणाली आणि बटण दाबून धरलं.